क्षोभकारक विषय आणि लेखकाचे कर्तव्य

प्रत्येक समाजात असे काही विषय असतात की, त्यांचे नाव निघताच एरवी शांत व समंजस असणाऱ्या मनुष्याची मुद्रा पालटते. पाऊस लांबला, धान्य महागले, रस्ता खचला, या गोष्टींवर तो दोन्ही बाजू ऐकून घेईल. परंतु मुलीने परजातीत विवाह करावा की नाही, घरातील विधवेने कुंकू लावावे की नाही, देवळाच्या गाभाऱ्यात कोणी जावे व कोणी जाऊ नये, असा प्रश्न निघाला की त्याचे कान मिटतात आणि तोंड उघडते. अशा विषयावर लिहिण्याचा प्रसंग आला असता लेखकांस बहुधा दोनच वाटा सुचतात. विषय नाजूक आहे असे म्हणून मुकाट्याने बाजूस सरावे, ही एक. आणि वाचकाहूनही मोठ्याने ओरडावे, ही दुसरी. पहिल्या वाटेने जाणारा स्वतःस शहाणा समजतो, दुसरीने जाणारा शूर. आमच्या मते हे दोघेही एकच श्रम चुकवीत असतात. ज्या मनुष्याच्या दुःखापासून तो विषय उत्पन्न झाला, त्या मनुष्याकडे स्थिर दृष्टीने पाहणे आणि वाचकासही पाहावयास लावणे, हा तो श्रम होय. तो ज्याने केला त्याची लेखणी सौम्य असो वा प्रखर, तिने काही कार्य केले. ज्याने केला नाही त्याचा संयमही व्यर्थ आणि आवेशही व्यर्थ.

हे नुसते तत्त्व म्हणून सांगितल्यास वाचक मान डोलावतील आणि विसरतील. म्हणून आपल्याच भाषेतील एक प्रश्न आम्ही उदाहरणादाखल घेतो. विधवेच्या स्थितीवर मराठीत जितके लिहिले गेले व जितक्या तऱ्हांनी लिहिले गेले, तितके दुसऱ्या क्वचितच एखाद्या सामाजिक प्रश्नावर लिहिले गेले असेल. आणि सुमारे पावणेदोनशे वर्षे लोटली तरी तो प्रश्न पुरता मिटलेला नाही. तेव्हा कोणत्या लेखकाने हा निखारा कसा हाती धरला, हे पाहण्यास याहून चांगले स्थळ नाही.

आरंभ लोकहितवादींपासून करणे प्राप्त आहे. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून १८५० पर्यंत मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने एकशे आठ पत्रे लिहिली. गृहस्थ सरकारी नोकरीत, वय पंचविशीच्या आसपास, आणि विषय एकापेक्षा एक बोचरे. त्यांनी पत्राचे रूप पसंत केले यात मोठे शहाणपण होते. पत्र लहान असते. त्यात एकच गोष्ट सांगता येते. आणि ते कोणीतरी आपणास उद्देशून लिहिले आहे असे वाचणाऱ्यास वाटते. लोकहितवादींनी आपल्याच ज्ञातीस जे कठोर शब्द ऐकविले ते आजही वाचताना बोचतात. परंतु तो घरच्या मनुष्याने घरात बसून केलेला कठोरपणा होता, ही गोष्ट विसरता कामा नये. आपल्या घरातील केर काढणारा आणि दुसऱ्याच्या दारात केर टाकणारा, दोघांच्याही हाती केरसुणी दिसते, म्हणून दोघांचे काम एक होत नाही.

टोपणनावाने लिहिणे हे भ्याडपणाचे लक्षण, असे पुष्कळ लोक म्हणतात. आम्ही सरसकट तसे म्हणणार नाही. नाव झाकून जो दुसऱ्या मनुष्याची अब्रू घेतो तो भ्याड खरा. पण नाव झाकून जो रूढीस प्रश्न विचारतो, त्याच्या बाबतीत लोकांस नावाऐवजी प्रश्नाकडे पाहणे भाग पडते. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक निघाले, तेव्हा सुशिक्षित अविवाहित स्त्रियांच्या मनातील जी गोष्ट त्यात सांगितली होती ती खरी की खोटी, याचा विचार करण्याऐवजी ही बाई कोण, याच शोधाला कित्येक लोक लागले. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून प्रसिद्धीस आलेल्या त्या लेखिकेने नाव का झाकले होते, याचे उत्तर त्या शोध करणाऱ्यांनी आपल्या वर्तनानेच दिले.

आता दुसरी पद्धती पाहू. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याने मान्यता मिळाली. परंतु कायदा झाला म्हणून मुलीच्या बापाचे धैर्य वाढले नाही, आणि भटजीही मिळेना. तेव्हा विष्णुशास्त्री पंडित यांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांचा पुनर्विवाहविषयक ग्रंथ मराठीत आणला आणि पुनर्विवाहास शास्त्राचा आधार आहे हे सिद्ध करण्याचा पक्ष उचलला. १८७० मध्ये पुण्यास शंकराचार्यांपुढे दोन्ही पक्षांच्या शास्त्र्यांचा मोठा वाद झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध लागला. विष्णुशास्त्री बोलघेवडे नव्हते; पुढे त्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह करून आपले म्हणणे आचरणात आणले. प्रतिपक्षास जे प्रमाण मान्य त्याच प्रमाणाने त्याच्याशी बोलावे, ही त्यांची रीती अगदीच निरर्थक नव्हती. ज्याला वेदापलीकडे दुसरे काही ऐकू येत नाही, त्याच्याशी वेदाच्या भाषेत बोलल्यावाचून संभाषणासच आरंभ होत नाही.

तथापि या रीतीत एक मोठा धोका आहे. वाद चालू असतो वचनाच्या अर्थाचा. अमुक शब्दाने वाग्दत्ता समजावी की विवाहिता, अमुक स्मृती या युगास लागू की मागील युगास, याचा. शास्त्रीबुवा एका अंगास, शास्त्रीबुवा दुसऱ्या अंगास. आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती मुलगी माजघराच्या अंधारात तशीच बसलेली असते. तिला सभेत कोणी बोलाविले नाही, आणि वृत्तांतात तिच्याविषयी एक ओळही येत नाही. शिवाय वचन उद्या विरुद्ध निघाले तर काय? तिचे दुःख काय त्यामुळे कमी खरे ठरणार? पुढे आगरकरांनी शास्त्राच्या आधाराऐवजी बुद्धीचा व भूतदयेचा आधार घ्यावा असा जो आग्रह धरला, त्याचे मर्म हेच होते.

ज्यांच्याविषयी सर्व जण बोलत होते त्यांच्यापैकी एक स्वतः बोलू लागली म्हणजे काय होते, हे १८८२ साली दिसून आले. त्यापूर्वी एकच वर्ष, १८८१ मध्ये, सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला झाला. तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली व अपिलात ती काळ्या पाण्याची करण्यात आली. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या अनीतीवर व्याख्याने झडू लागली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा लहानसा ग्रंथ पुण्यास छापवून प्रसिद्ध केला. त्यात राग आहे, आणि तो झाकण्याचा प्रयत्न नाही. परंतु तो नुसता आरडाओरडा नव्हे. जो दोष स्त्रियांच्या माथी मारला जातो तो एकेक उचलून, हाच दोष पुरुषांत किती आहे ते पाहा, असे ताराबाई दाखवीत जातात. बायको मेली तर पुरुषाने दुसरी आणावी आणि नवरा मेला तर स्त्रीने जिवंतपणीच मरावे, हा न्याय कोणत्या तराजूत तोलला, असे विचारतात. रागाच्या पाठीशी असा हिशेब असला म्हणजे तो राग राहत नाही, फिर्याद होते.

या फिर्यादीचे समाजाने काय केले? जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, कारण विधवेवर ओढवणारा प्रसंग त्यांनी कागदावर नव्हे, प्रत्यक्ष पाहिला होता, आणि १८६३ सालीच पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. बाकी समाजाने बहुतांशी उपहास आणि मौन यांची योजना केली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपणास ठाऊक नाही. आणि हे एक पुस्तकही विस्मृतीत गेले ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. सुमारे नव्वद वर्षे एक पुस्तक गप्प बसविले गेले. सुखवस्तू मनुष्य रागावला तर आपण त्यास तेजस्वी म्हणतो. पीडित मनुष्य रागावला तर त्यास असभ्य म्हणतो. लेखकाने व संपादकाने ही सवय स्वतःच्या ठिकाणी प्रथम शोधली पाहिजे. जखम झालेल्याच्या स्वरावर टीका करण्यापूर्वी जखमेकडे पाहावे, एवढा साधा विवेक येथे पुरेसा आहे.

परंतु पीडिताविषयी सहानुभूती आहे एवढ्याने लेखकाचे सर्व अपराध माफ होत नाहीत, याचेही उदाहरण त्याच काळचे आहे, आणि ते ज्यांचे आहे त्यांची नावे ऐकून वाचकांस कदाचित आश्चर्य वाटेल. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा वेडाच्या सबबीवर छळ होत आहे, या बातमीने १८८१ च्या सुमारास सारा महाराष्ट्र हळहळत होता. टिळक व आगरकर यांनी ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतून दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर प्रसिद्ध केला. त्याचा आधार असलेली पत्रे बनावट निघाली. दोघांनी दिलगिरी प्रदर्शित केली; तरी १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली व डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. त्या कारावासाने दोघे लोकप्रिय झाले, हे खरे. पण ज्या महाराजांसाठी हे सर्व केले त्यांचा त्यापासून काय लाभ झाला? १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे त्या दुर्दैवी तरुणाचा अंत झाला. खोटा कागद खऱ्या दुःखाच्या बाजूने उभा केला म्हणजे खऱ्या दुःखावरचाही लोकांचा विश्वास उडतो. मन जितके तापलेले, तितका पुरावा थंड डोक्याने तपासावा. कारण अशा वेळी आपणास जे खरे असावेसे वाटते तेच आपणास खरे दिसू लागते. टिळक-आगरकरांसारख्या पुरुषांस जो मोह आवरला नाही तो आपणास सहज आवरेल, असे कोणी समजू नये.

आगरकरांनी पुढे १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी बाजूचे काम गोपाळ कृष्ण गोखले पाहत. आगरकरांचा गुण हा की, वाचकास ते विचारशील मनुष्य समजून लिहीत. त्याची खुशामत त्यांनी केली नाही, आणि त्यास भ्याले तर मुळीच नाहीत. केशवपनासारख्या विषयावर लिहिताना ते साध्या मनुष्याने विचारावयाचा प्रश्न विचारीत: यापासून कोणाचे कल्याण होते, आणि होत नसेल तर ते आपण का करतो? या प्रश्नास उत्तर देणे कठीण होते, म्हणून ते जिवंत असतानाच विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ च्या जूनमध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आतच, त्यांचा खरोखर अंत झाला. प्रेतयात्रा काढणाऱ्यांनी त्यांचा एक तरी मुद्दा खोडला असे कोणास आठवते काय?

याच काळात संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे दहा वर्षे पुऱ्या झालेल्या मुलीशी पतीने संबंध ठेवणे हा गुन्हा नव्हता. कलकत्त्यात फुलमणी नावाची, दहा वर्षे नुकतीच ओलांडलेली मुलगी, वयाने पुष्कळ मोठ्या असलेल्या नवऱ्याच्या अत्याचाराने मरण पावली. १८९० साली खटला झाला आणि कायदाच तसा असल्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा आरोप टिकला नाही. त्यास एक वर्षाची सक्तमजुरी तेवढी झाली. मार्च १८९१ मध्ये कायद्याने ही मर्यादा दहावरून बारा केली. दोनच वर्षांची वाढ, परंतु तिच्यासाठी सारा देश दोन तटांत विभागला. डॉ. भांडारकरांनी शास्त्रवचनांच्याच आधारे बिलाची बाजू मांडली; आगरकरांनी बुद्धीच्या आधारे. टिळकांनी विरोध केला.

त्या विरोधाची बाजू येथे प्रामाणिकपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. परकीय सरकारास आपल्या घरात शिरण्याचा अधिकार आपण आपल्या हाताने द्यावा काय, हा टिळकांचा प्रश्न पोकळ नव्हता. सुधारणा लोकांच्या समजुतीने व्हावी, कायद्याच्या दंडाने होऊ नये, असे ते म्हणत. आणि सुधारकांनी प्रथम स्वतःवर नियम बांधून घ्यावेत, अशी सूचनाही त्यांनी १८९० साली केली होती. परतंत्र देशातील मनुष्यास या म्हणण्याचे वजन वाटणे साहजिक होते. परंतु या साऱ्या वादावादीत, सरकार, स्वराज्य, शास्त्र व शासन हे शब्द जसजसे मोठे होत गेले, तसतशी फुलमणी लहान होत गेली, आणि शेवटी दिसेनाशी झाली. क्षोभकारक विषयावरील वादाची हीच नेहमीची गती आहे. मनुष्यावरून सुरू झालेला वाद मानावर येऊन थांबतो. लेखकाचे काम त्यास पुन्हा मनुष्यावर आणण्याचे आहे.

ते काम त्याच सुमारास एका कादंबरीकाराने केले. हरी नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले, आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः दिली. पुस्तकरूपाने ती १८९३ मध्ये निघाली. विधवेच्या दुःखावर कथा लिहिणारे ते पहिले नव्हेत; बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्येच निघाले होते. परंतु पदमनजी उपाय सांगण्याच्या घाईत असतात, आणि उपाय सांगणारा मनुष्य दिसला की वाचक सावध होतो. हरिभाऊंनी यमूस स्वतःच्या तोंडाने बोलू दिले. माहेरचे अंगण, सासरचे माजघर, नवऱ्याशी चोरून केलेला अभ्यास, मग त्याचा मृत्यू, आणि मग न्हाव्याचा वस्तरा. ती शास्त्रार्थ करीत नाही, कायदा मागत नाही. आपले दिवस सांगते. ‘सुधारक’ हाती धरणार नाही अशा गृहस्थाच्याही घरात ‘करमणूक’ जाऊ शकत असे, आणि तेथे यमूची हकीकत वाचताना त्यास आपल्या माजघरातील कोणी आठवली नाही, असे क्वचितच झाले असेल. निबंधाने मनुष्याचे मत हलते. पण मत हलण्यास आधी मनुष्य जागचा हलावा लागतो, आणि ते काम पुष्कळदा गोष्ट करते.

न्हाव्याच्या वस्तऱ्याचा उल्लेख आला, म्हणून आणखी एक प्रसंग सांगतो. केशवपनाविषयी शास्त्रीपंडित भांडत असता, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईत नाभिक बांधवांची सभा भरविली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा निर्धार तेथे झाला. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्यालाच प्रश्न विचारावा, ही गोष्ट मोठमोठ्या लेखकांच्या ध्यानात आली नव्हती. ती एका कामगार पुढाऱ्याच्या ध्यानात आली. लिहिणाराने स्वतःस विचारावे: माझा लेख नक्की कोणासाठी आहे? जे आधीच माझ्या मताचे आहेत त्यांच्या टाळ्यांसाठी, की ज्याच्या हाताने अन्याय घडतो त्याच्यासाठी?

विधवाविवाहाच्या प्रश्नास ज्यांनी आयुष्य वाहिले त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेच चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी याहूनही जळजळीत विषय हाती घेतला. संततिनियमन व लैंगिक आरोग्य यांवर त्यांनी जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. अंगावर काटा येईल असा शब्द त्यांनी योजला नाही आणि भावनेस हात घालण्याचाही यत्न केला नाही. वैद्य रोग्याशी बोलतो तशा कोरड्या, स्पष्ट भाषेत ते लिहीत. वाचकांच्या प्रश्नांस उत्तरे दिल्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला व दंड झाला. मासिक बंद पडले नाही. ज्या विषयावर लोक कुजबुजतात किंवा किंचाळतात, त्यावर नेहमीच्या आवाजात बोलणे हेच मोठे धैर्य आहे, हे रघुनाथरावांनी दाखविले.

आणि विरोधकाशी कसे वागावे याचा धडा आंबेडकरांनीच घालून दिला. विषय विधवेचा नव्हे, जातीचा. पण धडा दोहोंसही लागू आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली त्यांस अध्यक्ष म्हणून बोलाविले आणि भाषणातील मजकूर झेपला नाही म्हणून परिषदच रद्द केली. आंबेडकरांनी शब्द मागे घेतला नाही. भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा आंबेडकरांनी आपल्याच पुस्तकात गांधींची ती टीका छापली आणि तिच्यापुढे आपले उत्तर छापले. आपल्या वाचकास विरोधकाचे म्हणणे विरोधकाच्याच शब्दांत वाचू देणे, यास आपल्या बाजूवर विश्वास असावा लागतो. प्रतिपक्षाचे सर्वांत दुबळे वाक्य निवडून त्यावर तुटून पडणारे लेखक आज ठायी ठायी आढळतात. त्यांनी हे पुस्तक एकदा तरी चाळावे.

आता आजच्या स्थितीकडे वळू. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की, पती वारल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे, या प्रथा आमच्या गावात बंद. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींसही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. लोकहितवादींच्या पहिल्या पत्रानंतर चौऱ्याहत्तर अधिक शंभर वर्षांनी एका खेड्याने हे केले. यावर कोणी म्हणेल, एवढ्या लेखनाचा उपयोग तो काय, जर एवढा काळ लागतो? आम्ही म्हणतो, हेरवाडच्या ठरावात केशवपनाचा उल्लेख करण्याची गरज उरली नव्हती, हाच त्या लेखनाचा उपयोग. आणि कुंकू व बांगड्या यांचा उल्लेख करावा लागला, हे आजच्या लेखकांचे शिल्लक राहिलेले काम. ठराव कागदावर आहे. प्रेत उचलण्याच्या वेळी अंगणात जमलेल्या बायकांपैकी कोणीतरी पहिली पुढे होऊन म्हणावयाचे असते की, हिच्या बांगड्यांस हात लावू नका. तिला ते बळ कोठून येईल, याचा विचार ज्याच्या लेखात नाही, तो लेख ठरावाचे अभिनंदन करून मोकळा होईल, एवढेच.

आज लिहिणाऱ्यावर येणारी संकटे जुनी आणि नवी दोन्ही आहेत. ‘साधना’चे संपादक व अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या व त्यातच त्यांचा अंत झाला. आगरकरांची खोटी प्रेतयात्रा निघाली होती. यांच्या खऱ्या निघाल्या. अशा काळात लेखकाने जपून लिहावे, असा सल्ला हितचिंतक देतात, आणि त्यांच्या प्रेमाविषयी आम्हांस शंका नाही. पण जपून लिहिणे याचे दोन अर्थ आहेत. प्रत्येक गोष्ट तपासून, प्रत्येक शब्द तोलून, निरपराध्यास न दुखविता लिहिणे, हा एक. आणि मुख्य गोष्ट गाळून लिहिणे, हा दुसरा. पहिल्यावाचून लेखक होता येत नाही. दुसऱ्याने लेखक राहता येत नाही.

‘भावना दुखावल्या’ हे शब्द आज जागोजागी ऐकू येतात. धार्मिक भावनांच्या अवमानाविषयीचे कलम १९२७ साली दंडसंहितेत घातले गेले आणि आता ते नव्या न्यायसंहितेतही आहे. त्या कलमातसुद्धा बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेला अवमान हाच गुन्हा सांगितला आहे. म्हणजे कायदाही हेतूकडे पाहतो, केवळ कोणास वाईट वाटले एवढ्याकडे पाहत नाही. वाईट तर यमूची हकीकत वाचणाऱ्या सासऱ्यासही वाटले असेल! प्रश्न असा की, एकाच्या दुखावलेल्या भावना आणि दुसरीचे दुखावलेले सर्व आयुष्य, या दोहोंपैकी आपण मोजतो काय? भावना दुखावणे हे लेखकाचे ध्येय कधीही असू नये. श्रद्धावान मनुष्याची चेष्टा करून कोणी सुधारक होत नाही, आणि चेष्टेने कोणाच्या बांगड्या वाचल्याचे ऐकिवात नाही. परंतु सत्य सांगताना कोणाच्या भावना दुखावल्या, तर त्या दुःखाचे समाधान सत्य लपवून करता येत नाही.

तेव्हा जे नवे लेखक आज जातीबाहेरील विवाहावर, घराण्याच्या प्रतिष्ठेपायी झालेल्या खुनावर, जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबावर लिहिण्यास बसतील, त्यांस आमचे सांगणे थोडके आहे. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध राज्याने २०१६ साली कायदा केला. पण वाळीत टाकलेल्या घराच्या उंबऱ्यावर कायदा जाऊन बसत नाही, तेथे लेखकाने जाऊन बसावयाचे असते. प्रथम जावे, पाहावे, विचारावे. डोंगरीचे एकशे एक दिवस स्मरून ऐकीव कागदावर विश्वास ठेवू नये. मग विरुद्ध पक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगल्या रीतीने मांडता येते की नाही, हे करून पाहावे. न आल्यास आपणास विषय अजून कळला नाही असे समजावे. त्यानंतर लिहावे, आणि लिहून झाल्यावर एकदाच तपासून पाहावे: या लेखात मी अधिक दिसतो, की तो मनुष्य अधिक दिसतो? लेखक अधिक दिसत असेल तर लेख फाडावा. तो मनुष्य दिसत असेल, तर मग कोणी प्रेतयात्रा काढो वा मिरवणूक काढो. लेखणीने आपले काम केले आहे, आणि ते आज ना उद्या एखाद्या हेरवाडात फळास आल्यावाचून राहणार नाही.